घरच्या लेथवर सिलिंडर हेड : आरएक्स १००, मिलिंग मशीन नाही, जमेल का?

आट्यापाट्या
मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

भांडुपला आमच्या बैठ्या चाळीत पुढची खोली रिकामी आहे, तिथे साडेचार फुटी लेथ बसवलाय. बंद पडलेल्या एका गाळ्यातून घेतलेला. बेड झिजलाय, पण चकाजवळचा (तुकडा धरणाऱ्या जबड्याजवळचा) भाग ठीक आहे. थ्री-जॉ, फोर-जॉ चक, फेसप्लेट (तुकडा बोल्टने कसायची थाळी) सगळं सोबत मिळालं. बेंच ड्रिल आहे. मिलिंग (फिरत्या कटरचं मशीन) नाही, आणि ठेवायला जागाही नाही.

गाडी म्हणजे यामाहाची आरएक्स १०० मोटरसायकल. प्लगचे आटे गेलेत. आधीच्या मालकाने हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी तारेची गुंडाळी) बसवलं होतं, ते आता प्लगसोबतच बाहेर येतं. दोन फिन (हेड गार करणाऱ्या पात्या) तुटलेल्या. घुमटातही कोणीतरी ग्राइंडर फिरवून ठेवलाय.

टू-स्ट्रोकच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, व्हाल्व्ह नाही, गाइड नाही, कॅम नाही. खाली सपाट फेस, मध्ये घुमट, वर फिन, प्लगचं भोक आणि स्टडची (हेड कसायच्या आटेदार दांड्यांची) चार भोकं. ॲल्युमिनियमच्या गोल बारमधून अख्खं हेड घरीच काढावं असं डोक्यात आहे. १२५ व्यासाचा, ६० उंचीचा तुकडा धरतोय. अडतंय ते असं : धातू कुठला मागायचा, मिलिंगशिवाय स्टडची भोकं जागेवर कशी आणायची, आणि फिन. केलंय का कुणी?

कुर्ला_टर्मिनस
पण का?? सीएसटी रोडला नाहीतर ऑपेरा हाउसला जा, हेड घे, संध्याकाळी गाडी चालू. बारचे पैसे त्याहून जास्त होतील.

आट्यापाट्या
@कुर्ला_टर्मिनस, बघून आलो. बाजारात आता जे मिळतं त्यातल्या निम्म्यांचा फेस दुकानातच काचेवर डुलतो. आणि खरं सांगायचं तर लेथ घेतलाय तो काय अगरबत्तीचे स्टँड करायला?

चाळकरी_तिसरा_मजला
वाचतोय. वाखू (वाचनखूण) साठवली.

रेसर_विनातिकीट
अख्खं हेड एकसंध करू नकोस. बाहेरचं फिनवालं कवच वेगळं कर आणि घुमट वेगळा, आत बसणारा इन्सर्ट. ओ-रिंग (रबरी कडं) टाक. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) बदलायचं असेल तर फक्त इन्सर्ट नवा. रेसिंगवाले असंच करतात. घुमट चुकला तरी कवच वाया जात नाही.

मिलकाका
बाळा, आधी माझी ओळख. परळच्या एका गिरणीत मेकॅनिक खात्यात टर्नर होतो, ८२च्या संपापर्यंत. नंतर साकीनाक्याला दुसऱ्याच्या गाळ्यात. आता डोळे गेले, पण हात आहेत.

तुझं काम लेथवर पूर्ण होतं, मिलिंग लागत नाही. अडतं ते जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, धरण्यात. नवीन पोरं मशीनची किंमत विचारतात, जॉब कसा धरणार ते कोणी विचारत नाही.

क्रम असा ठेव. तुकडा थ्री-जॉमध्ये धर, एक बाजू साफ कर, बाहेरचा थोडा भाग टर्न कर. उलटव, त्या टर्न केलेल्या भागावर धर, फोर-जॉमध्ये डायल (सुईचं मापयंत्र) लावून. आता खालचा फेस, घुमट, स्क्विशची पट्टी (घुमटाभोवतीची, पिस्टनच्या कडेसमोर येणारी) आणि प्लगचं भोक हे सगळं एकाच पकडीत संपव. जॉब मध्ये काढायचा नाही. घुमट आज, फेस रविवारी असं केलंस तर दोन्ही एकमेकांना काटकोनात राहणार नाहीत आणि गॅस्केट जळाल्यावर तू गॅस्केटवाल्याला शिव्या देशील.

प्लगचं भोक १२.८ ने पाड, १४ बाय १.२५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या मागच्या टोकाच्या, सेंटरने दाबून हाताने फिरव, म्हणजे सरळ जातो. टॅपच्या मागे सेंटरचं भोक असतं ते त्याचसाठी.

मग फेसप्लेटला एक जाड चकती लाव, तिच्यात स्टडचे आटे पाड, हेड उलटं करून त्याच चार भोकांतून बोल्टने कस. घुमटाच्या काठात चकतीवरचं बोंड (मधला उंचवटा) बसलं की सेंटर आपोआप मिळतो. आता वरची बाजू, प्लगच्या वॉशरची बैठक आणि फिन. त्या कापताना चकाचे जॉ मध्ये येणार नाहीत.

इन्सर्टबद्दल : एअरकूल्डला नको. का ते कोणीतरी शिकलेलं सांगेल.

सौदामिनी
शिकलेली हजर :)

ठाण्याला टूलरूममध्ये आहे. काका बरोबर सांगतायत. इन्सर्टची पद्धत वॉटरकूल्ड हेडमध्ये शोभते, कारण इन्सर्टच्या पाठीला थेट पाणी लागतं. एअरकूल्डमध्ये घुमटाची उष्णता फिनपर्यंत धातूतून जायला हवी. मध्ये सांधा आला की दोन फेस कितीही चांगले केले तरी ते मोजक्या टोकांवरच टेकतात, बाकी हवा. भांडुप ते व्हीटी एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंडला रांगत जाणाऱ्या गाडीला ते परवडणार नाही.

धातू : बाजारात ६०६१ मागाल तर दुकानदार 'हो' म्हणून काहीही देईल. गुलालवाडी-किका स्ट्रीटला जुने लोक 'एचई-३०' म्हणतात, तो म्हणजे ६०८२. तो चालेल. 'एचई-९' म्हणजे ६०६३, खिडक्यांच्या फ्रेमचा, तो नको. टी-६ (उष्णता देऊन कडक केलेला) आहे का विचारा आणि टेस्ट सर्टिफिकेट मागा. सर्टिफिकेट नसेल तर तुकड्याच्या टोकाला एक कट मारून बघा. टी-६ चा कीस तुटत तुटत पडतो. मऊ माल पुरणासारखा टूलला चिकटतो.

एक लक्षात ठेवा : टी-६ ची ताकद उष्णतेने कमी होते. २०० अंशांच्या वर बराच काळ राहिला की मऊ पडत जातो. म्हणून प्लगभोवती आणि स्टडच्या बैठकांखाली जाडी भरपूर ठेवा, वजन वाचवायच्या मागे लागू नका. स्टडच्या नटाखाली कडक स्टीलचा वॉशर हवाच.

रेसर_विनातिकीट
पण ताई, इन्सर्ट प्रेसफिट केला तर?

सौदामिनी
मग बदलता येणार नाही. बदलता येणं हाच तर तुमचा मुद्दा होता ना?

रेसर_विनातिकीट
🙏

आट्यापाट्या
काका, सौदामिनी, दोघांना दंडवत. स्टडच्या भोकांचं मी ठरवलं होतं की जुनं हेड जिग (ड्रिलला वाट दाखवणारा साचा) म्हणून वर ठेवून त्यातून ड्रिल मारायचं. चालेल?

मिलकाका
नको. जुन्या हेडची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, त्यात ड्रिल डुलणार. शिवाय आटे खाल्लेलं, ग्राइंडर मारलेलं हेड, त्याच्यावर तू भरवसा ठेवणार?

सिलिंडर उतरव. तोच जिग. एक बोंड टर्न कर, दोन पायऱ्यांचं. मोठी पायरी तुझ्या सिलिंडरच्या बोअरमध्ये (पिस्टनच्या भोकात) घट्ट सरकणारी, लहान पायरी घुमटाच्या काठात बसणारी. हेड फेस वर करून टेबलावर ठेव, बोंड घाल, त्यावर सिलिंडर उलटा. आता बोअर आणि घुमट एका रेषेत. सिलिंडरच्या स्टडच्या भोकातून जाईल अशी लांब सळई टर्न कर, टोक काढ, टोक लाल करून पाण्यात बुडव. हातोडीची एकेक टिचकी. चार खुणा मिळाल्या. तिथे आधी बारीक सेंटर ड्रिल, मग पूर्ण माप.

माप घेऊन, आकडे लिहून, पुन्हा आखून खुणा करण्यात जेवढ्या वेळा चूक होते तेवढी यात होत नाही. खऱ्या तुकड्यावरून खऱ्या तुकड्यावर.

चाळकरी_तिसरा_मजला
काका, हे असं लिहिलेलं कुठे वाचायला मिळत नाही. लिहीत जा हो.

मला वेगळीच शंका. मी नावाप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर. घरात लेथ ठेवता येईल का? छोटा मिनी लेथ म्हणतोय.

कुर्ला_टर्मिनस
सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी वडापाव, मग लेथ.

वीजबिल
अवांतर असलं तरी उत्तर देतो. साडेचार फुटी जुना लेथ अर्ध्या टनाच्या आसपास जातो, जुन्या चाळीच्या लाकडी तुळयांवर तो विषयच नको. बाकड्यावरचा मिनी लेथ चाळीस-पन्नास किलोचा, तो कुठेही राहतो. पण त्याच्यावर बेडवर १८० मिमीचा जॉब फिरतो असं लिहिलेलं असलं तरी क्रॉस स्लाइडवर (टूल आडवं नेणाऱ्या भागावर) जेमतेम ११०. म्हणजे धागाकर्त्याचा १२५ चा तुकडा तिथे फिरणारच नाही.

मोटर : घरच्या सिंगल फेजवर एक एचपी आरामात. थ्री-फेज मोटर आधीच असेल तर सिंगल फेज घेऊन थ्री-फेज देणारा व्हीएफडी लावा, वेग कमी-जास्त करायची सोयही मिळते. शहरात बेस्ट, उपनगरात अदाणी, आणि भांडुप-मुलुंडला महावितरण. बिल कोणाचंही येवो, घरगुती मीटरवर धंदा करायचा नाही. छंद ठीक.

आवाजाचं म्हणाल तर लेथचा आवाज मिक्सरपेक्षा कमी. लोक चिडतात ते हातोडीच्या आवाजाने आणि रात्री अकराला.

काळीपिवळी
हेडचा विषय निघाला की मला वडिलांची पद्मिनी आठवते. टॅक्सी होती. कुर्ल्यालाच बनलेली गाडी, १०८९ सीसी, बोअर-स्ट्रोक ६८ बाय ७५. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम गरम झाल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पाणी संपलेलं लक्षात आलं नाही, गाडी घाटात तापली की हेड वाकलंच म्हणून समजा. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि ऑइलचा रंग दुधाळ.

टॅक्सीवाले हेड घासायला द्यायचे. फेस करून आणलं की पुन्हा बसवायचं. असं किती वेळा करायचं याला मर्यादा असते हे कोणालाच मान्य नसायचं. प्रत्येक वेळी थोडं कॉम्प्रेशन वाढतं, शेवटी चढावर टकटक सुरू. त्यावर उपाय म्हणून दोन गॅस्केट एकावर एक!

शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओला झाली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. वडिलांची त्याच्या बऱ्याच आधी गेली.

सौदामिनी
@काळीपिवळी, दोन गॅस्केट आम्हीही बघितलेत. पण तुमच्या त्या 'थोडं कॉम्प्रेशन वाढतं' चा हिशेब इथे कामाचा आहे.

आरएक्सचा बोअर ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ५०. म्हणजे ९८.२ सीसी. बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी. फेसवरून अर्धा मिमी काढला की घुमटातून जवळजवळ १ सीसी गेला. एक दशांश मिमी म्हणजे ०.२ सीसी. पूर्ण स्ट्रोक धरून १०:१ हवं असेल तर पिस्टन वर असताना वरची जागा १०.९ सीसी हवी. १२:१ साठी ८.९. म्हणजे 'सौम्य गाडी' आणि 'पिस्टनला भोक' यांत फक्त २ सीसी. (एक्झॉस्ट पोर्ट बंद झाल्यापासूनचा स्ट्रोक धरून मोजणारेही आहेत, त्यांचा आकडा बराच लहान येतो. कुठल्याही आकड्याची तुलना करताना पद्धत विचारा, नाहीतर भांडणं होतात.)

साध्या पेट्रोलवर आणि मुंबईच्या उकाड्यात मी १०.५ च्या पुढे जाणार नाही.

आता स्क्विश. पिस्टनच्या कडेची पट्टी हेडच्या पट्टीजवळ आली की मधलं मिश्रण दाबून मध्याकडे फेकलं जातं. खळबळ वाढते, ज्वाला लवकर पसरते, आणि कडेचं मिश्रण आपोआप पेटून ठोका बसायची शक्यता कमी होते. हॅरी रिकार्डोने पहिल्या महायुद्धानंतर साइड व्हाल्व्ह इंजिनांसाठी हेच तत्त्व वापरलं होतं. निम्मं क्षेत्रफळ स्क्विशला द्यायचं असेल तर घुमटाचा काठ ५० च्या निम्मा म्हणजे २५ नाही, ३५.४. (५० गुणिले अर्ध्याचं वर्गमूळ.) इथे भलेभले फसतात.

फट १ मिमीच्या आसपास ठेवा. पाऊण मिमीच्या खाली गेलात तर वेगात रॉड ताणला जातो, बेअरिंगमधली ढिलाई आणि पिस्टनचं डुलणं मिळवून तो हेडला शिवू शकतो. मोजायला सोल्डरची दीड मिमीची तार घ्या, पिस्टन पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवा, हेड कसून इंजिन हाताने फिरवा, चेपलेली तार मायक्रोमीटरने मोजा. पिनच्या आडव्या दिशेला ठेवलीत तर पिस्टन कलतो आणि माप खोटं येतं.

मिलकाका
पोरीने काम सोपं केलं. पट्टीचा उतार काढायला कोष्टक लागत नाही. पिस्टन चकात हलक्या हाताने धर, डायल कंपाउंड स्लाइडवर (टूल तिरकं नेणाऱ्या स्लाइडवर) लाव, पिस्टनच्या माथ्याच्या बाहेरच्या पट्टीवर डायल चालवत कंपाउंड फिरव. सुई हलायची थांबली की तोच कोन. माथा गोलाकार असतो, म्हणून फक्त बाहेरच्या पट्टीपुरतं बघ. कंपाउंड कस आणि मग हात लावू नकोस.

घुमटाला पत्र्याचं गेज काप. अर्धगोलाच्या मागे लागू नकोस, गुळगुळीत हवा, धार कुठेही नको. धार लाल होते आणि प्लगच्या आधीच पेटवते.

बुलेटवाला_४८७
धागा भारी चाललाय. माझी जुनी बिडाच्या इंजिनाची ३५० आहे, ७० बाय ९०. तिचं हेड असंच बारमधून काढता येईल का? शेजारी सीएनसीवाला आहे.

ओतारी
काढता येईल. काढू नका.

मी ओतकामात आहे, भोसरीला वीस-बावीस वर्षं, आता मुक्काम डोंबिवली. फोर-स्ट्रोकच्या हेडमध्ये पोर्ट वळत जातो, आतून पोकळ. बारमध्ये ते वळण खोदायला पाच अक्षांचं मशीन लागतं, नाहीतर दोन सरळ भोकं एकमेकांना भिडवायची आणि हाताने घासत बसायचं. म्हणून हेड ओततात, कोअर (पोकळी ठेवणारा गाभा) घालून. एलएम-२५ (ओतकामाचा ॲल्युमिनियम) ओतून, टी-६ करून, मग मशिनिंग.

घरी ओतायचं म्हणाल तर ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ते अवघड नाही. अवघड आहे तो हायड्रोजन. ओलसर हवा, ओलसर मूस, तेलकट भंगार, सगळ्यांतून तो रसात शिरतो आणि थिजताना बारीक छिद्रं सोडतो. जुलैमध्ये मुंबईच्या हवेत ओतलेलं हेड मशीन केल्यावर स्पंज निघतं. वर आकसतं, शेकडा सव्वाच्या आसपास, म्हणून पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) मोठा करावा लागतो. आणि ओल्या जमिनीवर वितळलेला रस सांडला तर वाफेचा स्फोट होतो. हे गंमत म्हणून घेऊ नका. चाळीत तर नाहीच नाही.

त्यानंतरही व्हाल्व्हची सीट (टेकायची कडी) आणि गाइड (दांडा सरकायची नळी) राहिलेच. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये कडक सीट ठोकून बसवतात, हेड तापवून आणि सीट थंड करून. मग ४५ अंशांचा कट गाइडच्या सेंटरशी मिमीच्या शंभरातल्या काही भागांत जुळायला हवा. तो सीट-कटरवाल्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

कुर्ला_टर्मिनस
हेड तापवायला घरचा ओव्हन चालतो असं ऐकलंय.

अनुराधा_घाटकोपर
चालतो. मग त्यात केलेल्या नानखटाईला गिअर ऑइलचा वास येतो आणि ओव्हन कायमचा गाळ्यात जातो. नवऱ्याला विचारा.

बुलेटवाला_४८७
समजलं. ओरिजिनल हेड, ओरिजिनल सीट, गप्प बसतो.

रेसर_विनातिकीट
गप्प कशाला? न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोने १९२०ची इंडियन स्काउट घेऊन घरच्या शेडमध्ये पिस्टन, सिलिंडर, हेड सगळं स्वतः केलं. पिस्टन ओतायला जुने डबे. १९६७ला अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर हजार सीसीच्या आतला वेगाचा विक्रम केला. सीएनसी कुठे होतं?

ओतारी
केलं, नक्की केलं. त्याने फोडलेल्या पिस्टनांची त्याच्या शेडमध्ये अख्खी फळी होती, तीही सांगा. चाळीसहून जास्त वर्षं तो एकाच गाडीवर लागला होता. बुलेटवाल्यांना तेवढी रजा आहे का?

कायद्याचं_बोला
हे सगळं करताना आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, बदल केलेली गाडी नोंदणीच्या तपशिलाशी जुळायला हवी.

आट्यापाट्या
बोअर-स्ट्रोक तेच, सीसी तीच, इंजिन नंबर क्रँककेसवर, त्याला हात लावत नाही. खराब झालेल्या भागाच्या जागी तसाच भाग बसतोय.

कायद्याचं_बोला
माझा आक्षेप हेडला नाही, धाग्यात १२:१ वर डोळे चमकलेल्यांना आहे. पुढचा धागा 'सिलिंडर बोअर करून १३५ चा पिस्टन' असा येतो, मला अनुभव आहे.

आट्यापाट्या
अपडेट. तुकडा आणला, एचई-३०, सर्टिफिकेटसकट. दोन किलोच्या आसपास भरला. फेस, घुमट, प्लगचं भोक एका पकडीत झालं. १२५ व्यासाला २०० आरपीएम ठेवले, एचएसएस (हायस्पीड स्टील) टूलने छान कापतंय. काकांचं बोंडही झालं, सिलिंडर उलटा ठेवून चार खुणा घेतल्या. बसवून बघितलं, चारही स्टड हाताने सरकतात.

आता फिन. पार्टिंग टूल (खाच पाडायचं अरुंद टूल) ३ मिमीचं, खोली २५ च्या पुढे. दहा-बारा मिमीला टूल कुरकुरायला लागतं, कीस अडकतो. आणि काका, ॲल्युमिनियमला रॉकेल म्हणतात सगळे, पण रॉकेल आणायचं कुठून? रेशनवर आता कुठे मिळतं!

मिलकाका
टर्पेंटाइन वापर, नाहीतर डिझेलमध्ये थोडं ऑइल. खोलीची दारं-खिडक्या उघड्या, विडी बाहेर.

फिनला : टूल सेंटरवर बरोबर हवं, एक केसही वर नको. वेग निम्मा कर. एकदम खोल जाऊ नकोस. पाच मिमी आत जा, बाहेर ये, टूल अर्धा मिमी बाजूला घेऊन पुन्हा पाच. खाच टूलपेक्षा रुंद राहिली की कीसाला वर यायला वाट मिळते. टूलच्या बाजूंना मागे निमुळती धार दे. आणि सगळ्यात खोल खाच प्लगच्या बाजूला येते, तिथे तळाशी कोपरा गोल ठेव. धारदार कोपऱ्यातून तडा जातो.

सौदामिनी
आणि गोल फिन ठेवणार ना? मूळ हेडवरच्या सरळ फिनसारखं दिसायला हवं म्हणून हॅकसॉने कापत बसू नका.

आट्यापाट्या
गोलच. लेथला जे जमतं ते.

काळीपिवळी
टाकी! प्लग मध्यात सरळ आणलायस ना? प्लगची टोपी लावून वर टाकी बसते का ते फिन कापायच्या आधी बघ. वरची उंची नंतर वाढवता येत नाही, कमी करता येते.

आट्यापाट्या
हे डोक्यात नव्हतं, जबरदस्त. मातीचा गोळा टोपीवर लावून टाकी बसवून बघितली, बोटभर जागा राहते.

चाळकरी_तिसरा_मजला
मिनी लेथ बुक केला. सेक्रेटरी आता वडापाव नाही, मिसळ मागतोय.

आट्यापाट्या
फिन झाल्या. एक थोडी लाटेसारखी आली आहे, कोणती ते सांगणार नाही. खालचा फेस काचेवर चारशेच्या ओल्या पेपरने आठच्या आकड्यात घासला, निळं (कुठे टेकतं ते दाखवणारा रंग) लावून बघितलं, सगळीकडे टेकतो. तांब्याचं गॅस्केट लाल करून पाण्यात बुडवून मऊ केलं. सोल्डरची तार एका बाजूला १.०५, दुसऱ्या बाजूला १.१०.

आता सीसी, म्हणजे वरच्या जागेचं माप. हेड कसलेलं, पिस्टन वर, गाडी कलती करून प्लगचं भोक उभं. सिरिंजने दोन भाग डिझेल एक भाग ऑइल भरलं. आट्यांच्या वरच्या काठापर्यंत १२.२ सीसी. हिशेबाने ९.०५:१. सौदामिनी, फारच कमी आलं ना? फेसवरून अजून घेऊ का?

सौदामिनी
थांबा! काही घेऊ नका. वरच्या काठापर्यंत भरलंत म्हणजे प्लगच्या भोकाचंही आकारमान त्यात आलं. प्लग बसल्यावर ते तिथे नसतं. प्लगचा रीच (आट्यांची लांबी) किती? अर्धा इंच की पाऊण?

आट्यापाट्या
अर्धा. १२.७. भोकही तेवढंच लांब, आत एकही आटा उघडा नाही.

सौदामिनी
मग १.७ च्या आसपास वजा करा. १०.५ सीसी राहिले. ९८.२ अधिक १०.५, भागिले १०.५ : १०.३५.

मिलकाका
पिस्टनच्या कडेने डिझेल खाली उतरलं नाही ना? रिंगवर ग्रीस लावलं होतंस? दहा मिनिटं तसंच ठेव आणि पातळी बघ.

आट्यापाट्या
ग्रीस लावलं होतं. पातळी तशीच आहे.

मिलकाका
मग सगळं डिझेल काढ, प्लग न लावता किक मारून राहिलेलं उडव, तोंड भोकावर नेऊ नकोस. मग कस. नट तिरक्या जोडीने, तीन टप्प्यांत. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झालं की पुन्हा एकदा टॉर्क बघ, तांबं बसतं.

कुर्ला_टर्मिनस
आणि व्हिडिओ टाक रे. आवाजासकट.